मोबाइलवर वायफाय चालतं, पण केबल लावलेल्या डेस्कटॉपवर मधूनमधून 'नो इंटरनेट' येतं. दुकानदार म्हणतो, विंडोज नव्याने टाका. टाकू का?

इतक्यात नका टाकू. आधी मोबाइल डेटा बंद करून फक्त वायफायवर एखादी साइट उघडून बघा. उघडली, तर बाहेरून येणारी फायबर लाइन ठीक आहे आणि राउटरही नेटला जोडलेला आहे. मग बिघाड राउटरच्या लॅन पोर्टपासून (केबल लावायच्या खाचेपासून) विंडोजपर्यंतच्या टप्प्यात आहे, आणि 'कधी येतं, कधी जातं' हे लक्षण बहुतेक वेळा केबलचं असतं.

सीपीयूच्या मागे लॅन पोर्टजवळचे दिवे बघा. एकही लागत नसेल तर केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, तरीही नाही तर दुसरी केबल. प्लग आत जाताना 'टिक' असा आवाज आला पाहिजे. त्याची प्लास्टिकची पट्टी तुटलेली असेल तर तो दिसायला बसलेला दिसतो, पण टेबलाला धक्का लागला की सुटतो.

दिवे लागत असतील तर कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून आज्ञा द्यायची विंडोजची खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) चालवा आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ वाचा, तो नेटवर्कमधला तुमच्या संगणकाचा पत्ता. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. कारण केबल तरी, नाहीतर राउटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ता देण्याची सोय, बंद. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर खालची 'डीफॉल्ट गेटवे'ची ओळ बघा. तो राउटरचा पत्ता. दोन्ही पत्त्यांतले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन गट (उदा. १९२.१६८.१) जुळत नसतील तर कोणीतरी हाताने पत्ता भरून ठेवलाय. इथरनेटच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' करा.

आता 'पिंग' (ping), गेटवेचा पत्ता आणि शेवटी 'वजा टी' (-t) असं लिहून चालवा, म्हणजे संगणक राउटरला पुन्हा पुन्हा हाक मारून उत्तर येतंय का बघतो. हे थांबवेपर्यंत चालू राहतं. ते चालू असताना दोन्ही टोकांना प्लगजवळ केबल हळूच हलवा. घरच्या घरी उत्तर एक-दोन मिलिसेकंदात यायला हवं. मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर त्या टोकाचा प्लग कापून नवा बसवायचा.

तो बसवताना बरीच कामं बिघडतात. १०० एमबीपीएसला आठांपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. म्हणून एखादी तार सैल असली तरी नेट 'चालतं', फक्त सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसतो किंवा लिंक तुटत राहते. रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलंच पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. केबल शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण तिच्या तारा वाकवल्या की लवकर तुटतात.

केबल बदलूनही नेट जातंच असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' असेल तर तेही बंद करा.

गेटवेला पिंग सलग लागतं, ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) लाही लागतं, पण साइट उघडत नाही? मग अडचण डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची: सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेटिंग) चालू राहिलेली नाही ना, तेही बघा. ब्राउझर प्रत्येक साइट 'असुरक्षित' म्हणत असेल तर घड्याळ बघा. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

एवढं करूनही अडलं तरच सेटिंगमधलं 'नेटवर्क रीसेट' करा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, ते आधी लिहून ठेवा.

आणि वळवाच्या पावसात विजा झाल्यावर हे सुरू झालं असेल, केबल गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून आली असेल, तर पोर्टच जळालेला असू शकतो. कोणत्याही केबलने दिवा लागत नाही, पण तीच केबल लॅपटॉपला चालते, ही त्याची ओळख. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नाही, यूएसबी ३.० चा गिगाबिट लॅन ॲडॉप्टर लावा.