सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात दाखवलेली उपकरणं पुढे खरंच विकत मिळतात का?

टीव्ही, लॅपटॉप आणि प्रोसेसर बहुतेक वेळा त्याच वर्षी मिळतात. घरात फिरणारे रोबो आणि 'कॉन्सेप्ट' म्हणजे नुसती कल्पना म्हणून मांडलेल्या गाड्या क्वचितच. जानेवारीत लास व्हेगासला भरणारं हे प्रदर्शन मुळात व्यापाऱ्यांसाठी आहे, सामान्य ग्राहकांना तिथे प्रवेश नसतो. त्यामुळे काही वस्तू केवळ विक्रेते आणि गुंतवणूकदारांचा अंदाज घ्यायला ठेवलेल्या असतात. एलजीने गुंडाळला जाणारा ओलेड टीव्ही २०१९ मध्ये दाखवला. तो २०२० मध्ये दक्षिण कोरियात विक्रीला आलाही, पण किंमत होती १० कोटी वॉन! (म्हणजे मिळत होता, पण घेणार कोण?) सॅमसंगचा बॅली हा चेंडूएवढा रोबो २०२० मध्ये दिसला, २०२४ मध्ये नव्या रूपात पुन्हा दिसला, मधल्या चार वर्षांत दुकानात काही पोचला नाही. बातमी वाचताना दोनच गोष्टी शोधा:

- विक्रीची तारीख
- किंमत

दोन्ही नसतील तर तो नमुनाच समजा. अर्थात तारीख जाहीर झाली म्हणजे ती पाळली जाईलच असं नाही, नवख्या कंपन्यांच्या बाबतीत तर विशेषच.