मुलीची नीट आणि तुमचा खोकला

तुमच्या पत्रात मुलीच्या मार्कांवर बारा ओळी आहेत आणि स्वतःच्या खोकल्यावर फक्त एक. मला काळजी त्या एका ओळीची वाटते. साकीनाक्याला अठरा वर्षं ग्रॅनाइट कापताय, दोन वर्षं खोकला आहे आणि तुम्ही लिहिता, 'पोरगी म्हणते धुळीचा आजार रक्तात दिसतो. मग नीट देऊन डॉक्टर हो म्हणावं, माझं तीच बघेल.'

दोनदा नीट देऊन झाली, आता बीएस्सी बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष. तिसऱ्यांदा बसवू नका. तिला या विषयाची ओढ तुमच्या खोकल्यामुळेच लागलेली दिसते.

एक गैरसमज मात्र दूर करा. सिलिकोसिसचं, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचं, निदान आज रक्तातल्या मेटाबोलाइटवरून (शरीरातल्या रासायनिक क्रियांत तयार होणाऱ्या छोट्या रेणूंवरून) होत नाही. किती वर्षं कोणती धूळ, छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, यांवर ते ठरतं. संशोधनात आजारी आणि निरोगी कामगारांचं रक्त ताडून बघतात; अमिनो आम्लं आणि स्निग्ध घटक यांचं प्रमाण बदललेलं आढळतं. पण विडी, टीबी, वय, अगदी सकाळचा चहासुद्धा हे आकडे हलवतो. रक्ताची नळी तासभर टेबलावर राहिली, तर रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात, त्यातून तयार होणारं लॅक्टेट वाढतं आणि आजाराचा म्हणून दिसणारा फरक निव्वळ हलगर्जीचा निघतो. म्हणून रक्त उपाशीपोटी घ्यायचं, नळी बर्फात ठेवायची, लगेच सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, पेशींपासून वेगळा झालेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) उणे 80 अंशांवर ठेवायचा. हे काम बायोकेमिस्टचं आहे, त्याला एमबीबीएस लागत नाही. संख्याशास्त्र मात्र पक्कं हवं. ते तिने आत्तापासून शिकावं.

वाट सरळ आहे: जॅम किंवा सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षा, एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच आजारांवर काम करते.

आता तुमचं. याच आठवड्यात पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या छातीविकार ओपीडीत जा. किती वर्षं, कोणता दगड, कोरडा कापता की पाणी सोडून, हे आपणहून सांगा. विचारतीलच असं नाही. थुंकीची टीबी तपासणीही करून घ्या, कारण सिलिका, म्हणजे दगडातली ही बारीक धूळ, साचलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही, आणि फुप्फुसात एकदा पडलेले व्रण जात नाहीत. मालकाला कटरला पाण्याची नळी जोडायला लावा.

जाताना मुलीला बरोबर न्या. एक्स-रेत काय दिसतंय, ते तिला डॉक्टरांना विचारू द्या.