पैसे देऊन बोलाचं कायले?

भाऊ, तुमचा ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, तरी गर्दीत छाती धडधडते. डॉक्टरांनी मानसोपचार सुचवला, तर आई म्हणतात, "पैसे देऊन बोलाचं कायले, आम्ही मेलो का?" 2022 मध्ये माझ्या घरीही हेच वाक्य होतं. आपल्या नागपुरात मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना मनोरुग्णालयाजवळचा पागलखाना चौकच आठवतो.

आई मायेनं म्हणते, "काही नाही होत, जास्त विचार नको करू." त्यानं धीर येतो, पण तासाभरापुरता. माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी धीर दिलाच नाही. धडधड सुरू झाली की डोक्यात पहिलं काय येतं, हे विचारलं. "आता अटॅक येणार." या विचारानंच धडधड वाढायची, मी तिथून निघून जायची आणि बरं वाटायचं. मेंदू मात्र शिकायचा, की पळाली म्हणून वाचली. प्रत्येक पळण्यानं भीती पक्की होत होती, हे मला 2 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग भीतीची शिडी केली. आधी शंकरनगर मेट्रो स्टेशनवर नुसतं उभं राहायचं. मग एकच स्टेशन. मग बर्डीपर्यंत, म्हणजे सीताबर्डी स्टेशनपर्यंत, शेवटी संध्याकाळच्या गर्दीत तिथं गाडी बदलायची. भीती 100 पैकी किती, हे वहीत लिहायचं आणि ती उतरेपर्यंत थांबायचं. चौथ्या वेळी मी रडत घरी आली. पण हळूहळू 80 चे 30 झाले. बाईंसमोर बसायचं आठवड्यातून 45-50 मिनिटं, खरं काम मधल्या दिवसांत.

आधीच्या एका समुपदेशकानं मला नुसतं "सासरी जुळवून घ्या" सांगितलं होतं. दोन भेटींत सोडलं. तुम्हालाही पटलं नाही तर बदला, उपचारच सोडू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. गोळ्या लागल्या तर त्या सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, देतात. दोन्ही सोबत चालतं. तुमचं बोलणं गोपनीय राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिलेला हक्क आहे. खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मनोविकार ओपीडीत जा. रात्री-बेरात्री जीव घाबरला, जगणं नको वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लगेच लावा, तिथं मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना मागच्या आठवड्यात धडधड कधी, कुठं झाली आणि तेव्हा तुम्ही काय केलं, एवढं कागदावर लिहून न्या.