जुना सीएनसी राउटर घ्यावा की नाही? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : फर्निचरच्या कामासाठी ४ बाय ८ फुटी बेडचा जुना सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर कापणारं मशीन) बघायला जायचंय. मालक जेमतेम दीड-दोन तास देईल. तेवढ्यात काय तपासू?

आधी एक फोन करा : मी येईपर्यंत मशीन सुरू करू नका. थंड मशीन चालू होताना जी घरघर ऐकू येते, जे अडखळणं जाणवतं, ते गरम झाल्यावर बऱ्याचदा लपतं. सोबत ०.०१ मिमीचा डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मोजमाप), त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ६ मिमीच्या चार ग्राउंड डॉवेल पिना (अचूक घासलेल्या स्टीलच्या कांड्या), स्टीलची टेप, टॉर्च, एमडीएफची एक शीट आणि स्वतःचा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) घातलेला पेन ड्राइव्ह न्या. मालकाने दाखवलेल्या नमुन्यांवर जाऊ नका, ते मशीन नवं असतानाचेही असू शकतात.

पहिली नजर सांगाड्यावर. गॅन्ट्रीचे (बेडवरून सरकणाऱ्या आडव्या पुलाचे) पाय जिथे वेल्ड केलेत, तिथे टॉर्च मारून तडा शोधा. तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर का लावला ते विचारा. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर), ड्राइव्ह (अक्षांच्या मोटरना वीज देणारे बोर्ड), कंट्रोलर, मोटर हे सगळं बदलता येतं. वाकलेली गॅन्ट्री किंवा पिळलेली फ्रेम मात्र मशीनिंगला पाठवल्याशिवाय सरळ होत नाही. म्हणून खरेदीचा निर्णय लोखंडावर घ्यायचा आणि घासाघीस इलेक्ट्रॉनिक्सवर करायची.

मग बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी ढिली हालचाल. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन भरलेलं असेल तर आधी ते शून्य करा, नाहीतर झीज झाकली जाते. डायलचं टोक स्पिंडलच्या अंगाला टेकवा, एका दिशेने थोडं सरकवून काटा शून्यावर आणा. त्याच दिशेने ०.१ मिमीचं आणखी एक पाऊल द्या, मग उलट दिशेने ०.१ मिमी. काटा शून्याच्या जितका अलीकडे थांबेल तेवढा बॅकलॅश. काटा हललाच नाही, तर उलट दिशेने आणखी पावलं देऊन मोजा. ही मोजणी प्रत्येक अक्षावर तीन ठिकाणी करा : शून्याच्या कोपऱ्याजवळ, मध्यावर आणि दूरच्या टोकाला. तिन्हीकडे सारखाच आला तर दोष बहुधा नट, कपलिंग किंवा पिनियनचा (छोट्या दातेरी चाकाचा), म्हणजे तुलनेने स्वस्तातला. शून्याजवळ जास्त आणि टोकाला कमी आला तर स्क्रू किंवा रॅक (पिनियन ज्यावर चालतो ती दातेरी पट्टी) झिजलाय, कारण बहुतेक काम त्याच कोपऱ्यात होतं. कपाटाच्या शीटकामाला ०.१ मिमीपर्यंत चालून जातं. ०.२ च्या पुढे गोल कापताना दिशा बदलण्याच्या चार जागी सपाट चट्टे उमटतात.

शेवटी काटकोन. एमडीएफवर १००० मिमी बाजूच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रं पाडा, पिना बसवा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत १ मिमी फरक म्हणजे मीटरमागे साधारण ०.७ मिमीचा तिरकेपणा. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र मोटर असेल तर होमिंग स्विच (मशीनला सुरुवातीची जागा दाखवणारा) सरकवून हा दोष निघतो. एवढ्यासाठी मशीन नाकारू नका.

स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या) असतील तर निघण्यापूर्वी वेगवान हालचालींचा १५-२० मिनिटांचा प्रोग्रॅम चालवून मशीन परत शून्यावर आणा. डायल शून्य दाखवत नसेल तर स्टेप सुटताहेत. कारण कोरडं ग्रीस असू शकतं किंवा कमजोर ड्राइव्हही, म्हणून रेल पुसून, ग्रीस देऊन तीच चाचणी पुन्हा घ्यायला लावा.

प्रश्न : स्पिंडल चांगला आहे हे कसं ओळखायचं? "मस्त चालतो" एवढंच ऐकायला मिळतं.

मेन स्विच बंद करून स्पिंडल हाताने फिरवा. खरखर नको, अडकणं नको. मग कोलेट (बिट आवळून धरणारी नळी) काढून आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) लिव्हर डायल (आत पोचणाऱ्या बारीक टोकाचा गेज) लावा आणि हातानेच पूर्ण फेरी द्या. काट्याची हालचाल ०.०१ मिमीच्या आत असेल तर छान. आता कोलेटमध्ये पिन आवळून कोलेटच्या तोंडापासून २५ मिमीवर मोजा, इथे ०.०३ पर्यंत मान्य करा. टेपर ठीक आणि पिन डगमगते, तर दोष कोलेटचा किंवा नटचा, आणि तो नगण्य खर्चात सुटतो. टेपरच हलत असेल तर बेअरिंगचा खर्च धरा.

हा आकडा, म्हणजे रनआउट (फिरतानाची डगमग), किरकोळ समजू नका. दोन धारांच्या बिटला प्रत्येक धारेमागे ०.०५ मिमी चिप (एका वेळी कापायचा पापुद्रा) ठरवली आणि रनआउटमुळे दोन धारांच्या त्रिज्येत तेवढाच फरक पडला, तर एक धार ०.१ कापते आणि दुसरी काहीच नाही. ३ मिमीचे बिट वारंवार तुटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

मग ६,०००, १२,०००, १८,००० आणि २४,००० आरपीएम असं चढवत वीस मिनिटं चालवा. एखाद्या वेगालाच शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा पुढचं बेअरिंग हात ठेववणार नाही इतकं तापत असेल, तर स्पिंडल बदलावा लागेल असं धरूनच भाव बोला. वॉटर-कूल्ड असेल तर टाकीतलं पाणी बघा. तांबूस पाणी म्हणजे आत गंज.

प्रश्न : मशीन दोन वर्षं बंद आहे, वीजजोडणीही नाही. किंमत फार कमी आहे. घ्यावं का?

न चालवता बघितलेल्या मशीनची किंमत फ्रेम, रेल आणि स्क्रू एवढ्याचीच धरा. स्पिंडल, व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारं उपकरण) आणि ड्राइव्ह शून्य किमतीचे समजा. त्या हिशोबात परवडत असेल तर जरूर घ्या.

घेतलंत तर थेट पूर्ण व्होल्टेज देऊ नका. दीर्घकाळ बंद पडलेल्या व्हीएफडीच्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर क्षीण होतो आणि अचानक पूर्ण दाब आला की ते फुटू शकतात. व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असे टप्पे घ्या, प्रत्येक टप्पा किमान अर्धा तास, मोटर न जोडता. तुमच्या व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा, आणि हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न : कंट्रोलर विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर मॅक-३ या सॉफ्टवेअरने चालतो. हा धोका आहे का?

चालू आहे तोवर नाही. पण मॅक-३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही, म्हणजे तो कॉम्प्युटर गेला की नवा आणून काम भागणार नाही. पैसे देण्यापूर्वी हार्ड डिस्कची क्लोन प्रत करून घ्या आणि सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा : स्टेप प्रति मिमी, अॅक्सिलरेशन, मोटरची दिशा, होमिंग.

ड्राइव्ह साध्या स्टेप-डिरेक्शन (किती पावलं, कोणत्या दिशेने) सिग्नलवर चालत असतील तर पुढे हातातला डीएसपी कंट्रोलर किंवा इथरनेटवाला बोर्ड बसवता येतो. बंदिस्त (एकाच कंपनीची, दुसऱ्या कंट्रोलरशी न जुळणारी) सर्व्हो सिस्टिम असेल तर कंट्रोलरबरोबर ड्राइव्हही बदलावे लागण्याची शक्यता मोठी. पासवर्ड, डोंगल आणि मुदतीचा लॉक नाही ना, हे मात्र मालकासमोर मशीन चालवूनच खात्री करा.

प्रश्न : ६०० बाय ९०० चं छोटं मशीन आहे, गोल रॉडच्या रेलवर. ॲल्युमिनियम कापेल का?

कापेल, पण आवाज, चिरचिरलेली कड आणि तुटणारे बिट सहन करावे लागतील. चाचणी सोपी आहे. मोटर चालू ठेवून, स्पिंडल मात्र बंद, नाकाशी डायल लावा आणि स्प्रिंगच्या काट्याने १० किलो ओढा. ०.०५ मिमीपेक्षा कमी वाकलं तर ॲल्युमिनियमसाठी विचार करा. ०.१ किंवा अधिक असेल तर ते मशीन लाकूड आणि ॲक्रिलिकचंच. चौकोनी रेल नंतर बसवू असं मनात असेल तर त्या पैशांत आधीपासूनच चौकोनी रेलचं मशीन शोधणं बरं.

शिवाय विक्रेत्याने त्यावर ॲल्युमिनियम कापलं असेल तर पॅनलचं दार उघडायला सांगा. बारीक चुरा ड्राइव्हवर बसलेला असेल तर शॉर्टसर्किटचा धोका आहे.

प्रश्न : पसंत पडलं. वाहतुकीत काय बिघडतं?

गॅन्ट्री सरकते आणि रेलचे ब्लॉक आपटतात. गॅन्ट्री एका टोकाला नेऊन दोन्ही बाजूंनी फ्रेमला बोल्टने किंवा पट्ट्याने बांधा, झेड (स्पिंडलचा वर-खाली जाणारा अक्ष) खाली आणून फोमच्या ठोकळ्यावर टेकवा, जड स्पिंडल काढून वेगळा न्या. उचलताना पट्टे फक्त फ्रेमला लावा, गॅन्ट्रीला कधीच नाही. प्रत्येक केबल सोडण्यापूर्वी दोन्ही टोकांना सारखं लेबल चिकटवा.

जागेवर आल्यावर आधी बेड लेव्हल करा, अर्थिंग तपासा, मग कर्ण पुन्हा मोजा. सगळं जुळल्यावरच नवी एमडीएफ स्पॉइलबोर्ड (कापताना मालाखाली ठेवायची शीट) बसवून ती मशीननेच अर्धा मिलिमीटर घासून घ्या. घासलेल्या पृष्ठभागावर हात फिरवताना पट्ट्यांच्या पायऱ्या लागल्या तर स्पिंडल काटकोनात नाही, त्याच्या माउंटखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून तो सरळ करा.