गॅरेजकाकांना विचारा: आवळलेले नट सैल कसे झाले?

प्रश्न : काका, कराडहून चिपळूणला जाताना पाटणच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं. नट हलेनात. पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे सुटले. पुन्हा हा ताप नको म्हणून स्टेपनी लावताना आट्यांना इंजिन ऑइल लावलं आणि गाडी जॅकवर असतानाच एकेक नट गोलाकार गच्च आवळत गेलो. तरी घाट उतरल्यावर चाकातून टकटक ऐकू यायला लागली. बघतो तर चारातले दोन नट बोटांनी फिरतायत! जोर कमी पडला का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अहो, जोर कमी नाही पडला, पहिल्याच नटावर सगळा खर्च केलात. नट आवळला की आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, केसभर ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. तुम्ही पहिला नट गच्च केलात तेव्हा डिस्क (टायर बसतो ती चकती, ब्रेकची नव्हे) एका अंगाने टेकली, दुसऱ्या अंगाला फट राहिली. पुढचे नट हाताला घट्टच लागले, पण ते तिरक्या चाकावर. घाटातल्या खड्ड्यांनी चाक सरळ बसवलं आणि ते नट मोकळे झाले. हबवर गंज किंवा माती असली तरी हेच होतं, म्हणून आधी फडकं मारायचं.

चाक वर असताना नट हाताने फिरवून नुसते बसवा. निमुळती बाजू चाकाकडे. (एका नवरदेवाच्या गाडीला मी स्वतः उलटे लावले होते. वरात निम्म्या वाटेवर थांबली. त्या दिवशीचं जेवण मला गेलं नाही.) मग समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा, पाच असतील तर चांदणी काढतो तसे. गाडी जमिनीवर उतरवली की शेवटचा जोर, त्याच क्रमाने. सोडतानाही पहिला झटका जॅक लावायच्या आधीच.

जोर किती? लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. शंभर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला 40 किलोचा भार. सत्तर किलोचा माणूस तिथे उभा राहिला तर पावणेदोनशेच्या घरात जातो. म्हणून सोडायला उभे राहिलात ते चालेल, आवळायला नको.

तेल मात्र पुसून टाका. तो आकडा कोरड्या आट्यांचा असतो. तेलावर तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ओढला जातो. नट हाताने शेवटपर्यंत फिरायला हवा. मधेच अडला तर स्टड ताणला गेलाय, बदला. आणि सैल नटांवर गाडी चाललीय, तेव्हा डिस्कची भोकं लांबट झालीत का तेही बघा. झाली असतील तर डिस्क भंगारात.

पंक्चर टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर काढून घेऊ नका, टायर गेला. स्टेपनीतली हवा कधी बघितली होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही!

चाक बदलल्यावर 80-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. आणि पंक्चरवाल्याने नट आवळायला हवेवर चालणारी गन उचलली की सांगा, ‘दादा, शेवटचा हात पान्याने.’ तोंड वाकडं करेल, करू दे.