सर्व्हायव्हल पिक्चरमध्ये "तिच्या प्रेमामुळे तो वाचला" दाखवतात, ते खरं असतं का?

तुम्ही विचारलंय की टायटॅनिक आणि कास्ट अवे या दोन्हींत जास्त दमदार काय, जीव वाचवायची धडपड की लव्हस्टोरी, आणि असल्या पिक्चरमधून प्रेम काढून टाकलं असतं तर ते जास्त चांगले झाले असते का. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. धडपड जास्त खरी. लव्हस्टोरी असायला माझी हरकत नाही, हरकत आहे ती फक्त "तिच्यासाठी तो जगला" या एका वाक्याला. या वाक्याशी माझं २००९ पासून भांडण आहे म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथे नुसतं वाचते.

आम्ही गुहागर तालुक्यातले, घर बंदरालगत, नवरा तेव्हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं, ठरवून. बघायला आला तेव्हा "शिक्षण किती" एवढं एकच बोलला होता. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात म्हणून दोन-अडीच महिने घरी होता, नारळी पौर्णिमा झाली आणि तो जो गेला तो आठ-आठ दिवसांनी एखादी रात्र घरी. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत आमची ओळख म्हणाल तर त्याला कुळथाची पिठी आवडते आणि तो आईला उलटून बोलत नाही, एवढीच.

११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ आलं. ते जमिनीवर चढलं अलिबाग आणि मुंबईच्या मधे, पण आमच्या समोरून समुद्रातूनच वर सरकत गेलं, त्यामुळे घरी होते त्यांचं कौलांवर आणि माडांवर निभावलं, बाहेर समुद्रात होते त्यांचं काय झालं ते कोकणात सगळ्यांना माहिती आहे. कितीतरी बोटी जयगडच्या खाडीत, देवगडला, मिळेल तिथे आत घुसल्या, कितीतरी घुसू शकल्या नाहीत. आमच्या बंदरातल्या दोन बोटींचा पत्ता नव्हता, त्यातल्या एकीवर माझा नवरा. मोबाईल लावला की ती बाई सांगायची, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. ते वाक्य मी दोन दिवसांत किती वेळा ऐकलं असेन, अजूनही कुणाचा फोन लागला नाही आणि ती बाई बोलायला लागली की मी कट करते, पुढचं ऐकत नाही.

तो १३ तारखेला आला. जयगडला बोट लागली, तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून घरी. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी ताट वाढलं तर त्याला भाकरी मोडता येईना. दोन्ही हातांची बोटं मिटतच नव्हती, तळव्यांची सालं निघालेली आणि उजव्या हातावर आडवा एक काळानिळा वळ, बादलीच्या कडीचा. मग मी पेज केली आणि चमच्याने भरवली. लग्नाला सहा महिने झाले होते आणि त्याचा हात इतक्या जवळून मी पहिल्यांदा बघितला.

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या नणंदबाई आल्या, घर माणसांनी भरलेलं, आणि सगळ्यांसमोर मला कवटाळून म्हणाल्या, "तुझं कुंकू बळकट म्हणून माझा भाव परत आला गो." सगळ्यांनी मान डोलावली. मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता दुसऱ्या बोटीचं. ती आली नाही, आजवर नाही. तिच्यावरचा एक जण आमच्यापासून चार घरं सोडून राहणारा, त्याची बायको माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. त्यांचं प्रेमाचं लग्न, दोन्ही घरांचा विरोध, दोन वर्षं थांबून, भांडून, देवळात केलेलं. गावात कुणाच्या प्रेमाची गोष्ट सांगायची तर या दोघांचीच सांगायचे. ती त्या संध्याकाळी आमच्या दारात आली होती, माझ्या नवऱ्याला विचारायला, की तुम्हाला आमची बोट कुठे दिसली का. आणि नेमकं ते कुंकवाचं वाक्य तिच्या कानावर पडलं. ती पायरीवरून परत गेली, पाणीसुद्धा न पिता.

मग तिचं कुंकू काय कच्चं होतं? तिचं प्रेम कमी पडलं? मला नवऱ्याचं आडनाव सोडून काही धड माहिती नव्हतं आणि माझा आला, आणि जिने त्याच्यासाठी माहेर तोडलं तिचा नाही आला. हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा.

नवरा वाचला कसा ते मला तीन-चार महिन्यांनी समजलं, कारण तो त्यावर बोलायचाच नाही. एके रात्री मीच विचारलं, पिक्चरमधलं बघूनच विचारलं म्हणा ना, की तुम्हाला माझी आठवण आली होती का. तो म्हणाला, "खरं सांगू काय, तू आठवलीसच नाय." मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

त्याने जे सांगितलं ते असं, की इंजिनात पाणी जाऊन इंजिन बंद पडलं, बॅटरी गेली, वायरलेस मुका. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, जुना माणूस, तोंडाचा फटकळ, नवऱ्याला तो कधीच आवडला नव्हता. त्याने जाळं कापून फेकून दिलं नाही, सगळं एकत्र आवळून जाड दोराला बांधलं आणि बोटीच्या पुढून पाण्यात सोडलं. त्याच्या ओढीने बोटीचं तोंड लाटेकडे राहतं, आडवी पडत नाही, आडवी झाली की संपलंच. आणि मग पाणी उपसायचं. सात माणसं, दोन बादल्या आणि तेलाचा एक कापलेला डबा. शंभर बादल्या एकाने, मग दुसऱ्याने. नवरा म्हणाला मी फक्त आकडे मोजत होतो, सत्तर, एकाहत्तर, आकडा चुकला तर रडू येईल असं वाटायचं. रात्री कधीतरी तो खाली बसला, म्हणाला आता नाही होत, तर तांडेलाने कानाखाली वाजवली आणि ओरडला, "मेल्या बसतोस काय, उठ, पाणी काढ!" तो उठला. १२ तारखेला वारा पडल्यावर दुपारभर खटपट करून इंजिन कसंबसं चालू झालं आणि पहाटे जयगडच्या दीपगृहाचा उजेड दिसला.

हे आहे सर्व्हायव्हल. शंभर बादल्या आणि एक थोबाडीत. आणि कुंकवाचं श्रेय मला मिळालं, त्या तांडेलाला कुणी साधी ओवाळणीही केली नाही.

म्हणून मी पिक्चर बघताना हेच बघते, की माणूस हाताने काय करतोय. कास्ट अवे, विमान पडून बेटावर एकट्याच अडकलेल्या माणसाचा, मला आवडतो तो त्यासाठीच. विस्तव पेटवताना त्याचा हात फाटतो, दुखरा दात तो स्वतः पाडतो, नारळ फोडायला किती वेळ लागतो ते पूर्ण दाखवलंय, आम्हा नारळवाल्या माणसांना ते बघून लगेच पटतं. त्याच्याकडे प्रेयसीचा फोटो असलेलं घड्याळ आहे, मान्य, आणि तो शेवटी म्हणतोही की ती तिथे माझ्यासोबत होती. पण तो बेटावरून सुटतो कशामुळे, तर भरतीबरोबर प्लॅस्टिकचा एक मोठा तुकडा वाहत येतो, त्याचं तो शीड करतो आणि वारा फिरायची वाट बघत बसतो. आणि सगळ्यात जास्त रडू कधी येतं? तो चेंडू वाहून जातो तेव्हा. बायको-प्रेयसी नाही, बोलायला सोबत असलेला चेंडू. ज्याने कुणी ते लिहिलं त्याला माणूस कळला होता.

पण त्यातही एक गोष्ट राहिलीच. पिक्चर चार वर्षं पुढे जातो, आणि आपण बेटावरच असतो. ती प्रेयसी, केली तिचं नाव, घरी होती, तिने ती चार वर्षं कशी काढली, तो गेला असं कधी मानलं, दुसऱ्या लग्नाला हो कधी म्हणाली, ते एका मिनिटाचंही नाही. शेवटी पावसात भेटतात तेव्हा एकदम तिचं लग्न झालेलं, मुलगी झालेली. खरी लव्हस्टोरी तिथे होती हो, किनाऱ्यावर.

टायटॅनिकचं म्हणाल तर तो वाईट पिक्चर नाही, मी चारदा बघितलाय, पण लोक फळीवर दोघं मावली असती का यावर भांडत बसतात आणि त्या बोटीचे खरे आकडे कुणी बघत नाही. १९१२ साली त्या बोटीवर साधारण २,२०० माणसं होती आणि लाईफबोटींमध्ये जागा होती ११७८ जणांची. वाचली ७०० च्या आसपास. पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या आणि तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त गेल्या. आता तिसऱ्या वर्गातल्या बायकांवर कुणाचं प्रेम नव्हतं का? डेक कुठला, होडी किती लांब, यावर ठरलं ते. पिक्चरमध्ये रोझ वाचते ती जॅकला दिलेल्या वचनामुळे असं वाटतं, पण नीट बघा, ती फळीवरून पाण्यात उतरते, मेलेल्या माणसाच्या तोंडातली शिटी घेते आणि वाजवत राहते. शिटीमुळे वाचली ती.

आपल्याकडचे केदारनाथ वगैरे घ्या, पूर यायच्या आधी सगळी लव्हस्टोरी आणि २०१३ चा तो एवढा मोठा पूर शेवटी येतो तो त्या दोघांची ताटातूट करायला. हे मला पटत नाही, मुळीच नाही, हजारो माणसं गेली तिथे. उलट २०२४ चा मंजुम्मेल बॉईज बघा, मल्याळम आहे, २००६ साली कोडाईकनालच्या गुहेत खरंच घडलेलं. एक मित्र खड्ड्यात पडतो, दुसरा दोर बांधून खाली उतरतो. प्रेमप्रकरण नाहीच. आणि त्यात गाणं कुठलं वाजतं तर १९९१ च्या गुणा पिक्चरमधलं, त्याच गुहेतलं, मूळ प्रेयसीसाठी म्हटलेलं, तेच इथे दोन मित्रांसाठी वाजतं. माझ्या नवऱ्याने तो पिक्चर बघितला, दोर वर येतो तिथे उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. दुसऱ्या दिवशी तांडेलाकडे बांगडे घेऊन गेला.

२०२५ चा थंडेलही बघा, तेलुगू, श्रीकाकुलमचे मासेमार पाकिस्तानच्या हद्दीत पकडले जातात ती खरी घटना. तांडेल शब्द त्यांच्याकडेही आहे, ऐकून अंगावर काटा आला. त्यात लव्हस्टोरी भरपूर आहे, मला जरा जास्तच वाटली, पण निदान घरी राहिलेल्या बाईला त्यात काम दिलंय, ती नुसती फोटोत नाही.

आता तुम्ही म्हणाल बाईला प्रेमाचं वावडं आहे. तसं नाही. आमचं प्रेम झालं, नंतर झालं, त्या पेजेपासून झालं असं मला वाटतं. आणि समुद्रात कुणाला खरंच घरची आठवण येऊन बळ येतही असेल, माझ्या नवऱ्याला नाही आलं म्हणून कुणालाच येत नाही असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की त्याला कारण बनवू नका, कारण मग न आलेल्यांचं काय सांगणार?

त्या शेजारणीचं सांगते. प्रेत मिळालं नाही तर माणूस बेपत्ता धरतात, कायद्याने मेला असं धरायला सात वर्षं जावी लागतात. सात वर्षं ती ना सवाशीण ना विधवा. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर बायका कुजबुजायच्या, मी बोलवायचे. कागदांसाठी रत्नागिरीच्या किती फेऱ्या मारल्या तिने, मी दोन-तीनदा बरोबर गेले, बाकीच्या एकटीने. पहाटे चारला उठून बंदरावर मासळी घ्यायची, सुकवायची आणि एसटीने चिपळूणच्या बाजारात नेऊन विकायची, त्यावर पोरगा शिकवला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. समुद्रावर जाऊ दिलं नाही तिने त्याला. यावर पिक्चर काढा कुणीतरी, वादळ दाखवू नका हवं तर, नुसती चिपळूणची एसटी दाखवा.

गेल्या गणपतीत आमच्याकडे टीव्हीवर टायटॅनिक लागला होता, हिंदीतला, सगळे बसलेले, आणि वन्सं पुन्हा तेच म्हणाल्या, माझ्या मुलीला, "तुझ्या आयशीच्या कुंकवाने तुझा बापूस वाचला." शेजारीण आत मोदकांना पारी करत होती. तिने हात थांबवला नाही, पण मी बघितलं तिच्याकडे. मी वन्संना तिथेच बोलले, आवाज चढला, सणाचं घर आणि आमचं वाजलं, त्यानंतर वर्षभर आम्ही जेवढ्यास तेवढं बोलतो.

तर तुमच्या प्रश्नासाठी, आधी मंजुम्मेल बॉईज बघा, मग कास्ट अवे, टायटॅनिक बघितलेलाच असेल. आणि वन्सं, तुमची लेक हे वाचते मला माहिती आहे, ती तुम्हाला दाखवेल. मी आवाज चढवला ते चुकलं, पण बोलले ते चुकलं नाही. या गणपतीत या, दीड दिवस राहून जा. शेजारीण पण असेल, मोदकांना. तिच्यासमोर तेवढं वाक्य बोलू नका.