ओटीपी दिलात, तिथेच तक्रार मिटली

डोंबिवलीहून एक ताई लिहितात: जून २०२३ पासून घरी फायबरचं कनेक्शन आहे, वर्षाचे पैसे आगाऊ भरते. दहावीचे ऑनलाइन क्लास घेते. वाय-फायवर भरवसा नको म्हणून संगणकाला थेट केबल लावली, तरी नेट एक-दोन दिवसांआड जातंच. जुलै २०२३ मध्ये तर सलग अकरा दिवस बंद होतं. प्रत्येक वेळी फोनवर तक्रार करते (मेल कधी केला नाही, तक्रार क्रमांकही जपले नाहीत), माणूस येतो, ओटीपी घेऊन जातो, की दोन दिवसांनी पुन्हा तेच. सुरुवातीपासूनचे सगळे पैसे व्याजासकट परत मागता येतील का? आधी वकिलाची नोटीस पाठवू का?

अशी पत्रं कल्याणपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडून येतात. ‘सेवेतली त्रुटी’ म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज राहिलेली नाही. ताई, तुमचं प्रकरण ज्या एका गोष्टीवर उभं राहील किंवा पडेल, ती तुम्ही पत्रात ओझरती लिहून गेलात: ‘ओटीपी घेऊन जातो’.

तो ओटीपी म्हणजे तुमची सही आहे. ‘बिघाड दूर झाला, माझी तक्रार नाही’ असं तुम्ही दर वेळी लिहून दिलंत. उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनी एक छापील तक्ता जोडेल: अमुक तारखेला तक्रार, त्याच दिवशी दुरुस्ती, ग्राहकाची संमती. ग्राहक आयोगात बहुतेक प्रकरणं शपथपत्रं आणि कागद यांवरच निघतात. तुमच्या शपथपत्रासमोर तुमचाच ओटीपी उभा राहिला, तर सदस्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? दोन वर्षं तुम्ही एकही मेल केला नाहीत, एकही तक्रार क्रमांक जपला नाहीत, याची मला खरोखर चीड येते, कारण बाजू तुमची खरी दिसते आहे.

सगळं गेलं असंही नाही. एकाच दोषाच्या तक्रारी पुन्हापुन्हा नोंदल्या गेल्या असतील, तर दुरुस्ती वरवरची होती हे त्याच तक्त्यावरून दाखवता येतं. म्हणून आज मोबाइलमधले जुने एसएमएस शोधा, डॉकेट क्रमांक (तक्रारीचे क्रमांक) वहीत उतरवा आणि तक्रारींचा पूर्ण इतिहास कंपनीकडे मेलवर मागा.

पुढच्या वेळी माणूस आला की ओटीपी लगेच देऊ नका. त्याच्यावर चिडूही नका. तक्रार बंद झाली नाही तर बोलणी त्याला बसतात. आधी त्याच्यासमोर तपासून घ्या. फायबर ज्या डब्याला येऊन मिळते, त्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही. मग दोष बाहेरच्या लाइनीत तरी आहे, नाहीतर घरातच ती बारीक पिवळी-पांढरी तार कपाटामागे मुडपली आहे. दुसरी शक्यता तुम्हीच आधी निकालात काढा. माणसाकडे पॉवर मीटर, म्हणजे तारेतल्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजणारं यंत्र, असतो. त्यावरचा आकडा दाखवायला सांगा आणि फोटो घ्या. तो उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, तर सिग्नल काठावर आहे, आणि जोडणी अधूनमधून तुटण्याचं ते नेहमीचं कारण असतं. हा दिवा लाल नसूनही नेट जात असेल, तर तुमची केबल बदलून पाहा. दाराखाली चेपलेली जुनी केबल हाच दोष निघाला, तर आयोगाच्या पहिल्याच तारखेला तुमचं हसं होईल. मग वाय-फाय बंद करून, नव्या केबलनं संगणक थेट डब्याला जोडून वेग मोजा आणि तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. ‘घरातल्या भिंतींमुळे वाय-फाय कमी येतं’ हा कंपनीचा ठरलेला बचाव तिथेच संपतो. मूळ फोन आणि फाइल जपा. अशा डिजिटल पुराव्यासोबत, तो कुठून आणि कसा घेतला हे सांगणारं, भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

बिघाड असताना तक्रार बंद केली, तर त्याच दिवशी मेल करा आणि कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार हे अपील फुकट आहे, त्याला साधारण तीस दिवसांची मुदत आहे आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्रायला थेट पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत.

आता पैशांचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रार दाखल करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. जुलै २०२३ चे अकरा दिवस मुदतीबाहेर गेले. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण ‘कंपनी आश्वासनं देत राहिली’ एवढ्यावर तो मंजूर होईल असं मी सांगणार नाही. वकिलाच्या नोटिशीनं ही मुदत वाढत नाही. समोरच्यानं मुद्दा काढला नाही तरी आयोगानं मुदत स्वतःहून तपासायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलं आहे. गेल्या दोन वर्षांतला प्रत्येक बिघाड मात्र मागता येईल, तेव्हा मागणी तेवढीच ठेवा. सगळी वर्गणी परत मिळणं अवघड दिसतं, कारण मधल्या दिवसांत नेट तुम्ही वापरलंत. बंद दिवसांचं भाडं, थोडी भरपाई आणि खर्च, एवढं वाजवी आहे. क्लासच्या नुकसानीचा आकडा फुगवू नका. ‘व्यावसायिक वापर’ हा वाद कंपनीच्या हातात आयता जाईल, आणि तो कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. जाहिरातीतल्या ‘अमुक एमबीपीएसपर्यंत’ या शब्दांवरही भिस्त ठेवू नका. तुमची बाजू सेवा बंद पडण्याची आहे, ती वेगाच्या भांडणात विरून जायला नको.

दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, ही जुनी अडचण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दूर केली. करारात दिल्लीचं न्यायालय किंवा लवाद लिहिला असेल तरी घाबरू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या आयोगात, तक्रार करता येते. पैसे गल्लीतल्या केबलवाल्याच्या खासगी नंबरवर भरले असतील, तर कंपनी आणि तो, दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा.

कायदा म्हणतो, सामनेवाल्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि हजार-पाचशेच्या दाव्यासाठी माणूस रजा टाकून ठाण्याला खेटे घालतो. हा अन्याय आहे, आणि तो कंपन्यांना पुरता ठाऊक आहे. एक मुदत मात्र काटेकोर आहे: सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०२० च्या निकालानंतर त्यात सूट नाही. म्हणून कंपनीला आयोगाची नोटीस पोचल्याची तारीख लिहून ठेवा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कित्येकदा तिथूनच कंपनी हलते. नाही हलली, तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या पोर्टलवर तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेसाठी शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात जुना, पुरावा असलेला बिघाड कोणत्या तारखेचा आहे ते मला कळवा. तक्रार कधीपर्यंत दाखल व्हायला हवी, ते त्यावरून ठरेल.